जँगोत ‘भाव/हळद’ उघडत नसेल तर

सांगलीतल्या एका अडत्यासाठी हळद-बेदाण्याच्या भावाची साइट जँगोत (पायथन भाषेत वेबसाइट बनवायची चौकट) करत होतो. पत्त्यात हळद रोमन अक्षरांत लिहिली की पान उघडायचं, देवनागरीत लिहिली की 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. अर्धा दिवस व्ह्यू (पान तयार करणारा कोड) तपासण्यात गेला; दोष तिथे नव्हताच.

१. आपल्या मशीनवर डीबग (चुकांचा तपशील दाखवणारं सेटिंग) चालू ठेवून 404 चं पान नीट वाचा. जँगोने कोणते पॅटर्न (पत्त्यांचे साचे) कोणत्या क्रमाने लावून पाहिले, ती यादीच तिथे असते. तुमचा पॅटर्न यादीत दिसतोय आणि तरी जुळला नाही, तर बहुधा कन्व्हर्टरची गडबड. पॅटर्नमधल्या बदलत्या भागात कोणती अक्षरं चालतील, ते कन्व्हर्टर ठरवतो.

२. ‘स्लग’ कन्व्हर्टर फक्त रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर घेतो. त्याच्या जागी ‘एसटीआर’ (str) टाका. मॉडेलमध्ये (डेटाची रचना सांगणाऱ्या कोडमध्ये) पत्त्यातलं नाव साठवणारं स्लगफील्ड असेल तर तिथे ‘अलाऊ युनिकोड’ (allow_unicode) ट्रू करा, नाहीतर फॉर्म अडवेल.

३. एसटीआर मात्र अधाशी, स्लॅश सोडून सगळं गिळतो. त्यामुळे ‘भाव/आजचे’सारखे ठरलेले पॅटर्न त्याच्या वर लिहा. जँगो वरून खाली बघतो आणि पहिला जुळला की थांबतो. (माझी साइट ‘आजचे’ नावाच्या शेतमालाचा भाव शोधत बसली होती!)

लाइव्ह सर्व्हरवर डीबग चालू ठेवू नका. ती यादी गिऱ्हाइकालाही दिसते.