कोखबॉक्स घ्या, पण आठ आठवड्यांसाठी

कोखबॉक्स म्हणजे ठरलेल्या पदार्थांचं मोजून दिलेलं कच्चं सामान आणि कृतीची कार्डं, दर आठवड्याला घरपोच. आमच्याकडे पहिला बॉक्स आला तेव्हा मी तो आईसमोर व्हिडिओ कॉलवरच उघडला. आत तीन कागदी पिशव्या होत्या, प्रत्येकीवर एकेका पदार्थाचा नंबर. तळाशी जाड कागदी अस्तरात गुंडाळलेलं क्रीम नि चीज, त्याला लागून बर्फाच्या दोन पिशव्या. पहिली पिशवी ओट्यावर रिकामी केली. एक नवलकोल, दोन गाजरं, दीडशे ग्रॅम तांदूळ, पार्सलीच्या चार काड्या, बोटाएवढी सोया सॉसची पुडी आणि लसणाच्या दोन पाकळ्या. आई सांगलीहून बघत होती. म्हणाली, "अगं, लसणाच्या पाकळ्यासुद्धा मोजून? कुणाच्या घरात लसूण नसतो का?"

आईचं म्हणणं खरं होतं. तरी मी तो बॉक्स आठ आठवडे घेतला, नवव्या आठवड्यात बंद केला, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला आजही वाटतं. जर्मनीत नव्यानं आलेल्या मैत्रिणी हमखास विचारतात, "ताई, तो कोखबॉक्स घ्यावा का गं?" त्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगत आले ते इथे एकत्र लिहिते. आम्ही श्टुटगार्टला राहतो. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. नवऱ्याची एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची पाळी असते.

ही कल्पना युरोपातलीच. २००७ साली स्वीडनमध्ये 'मिडागस्फ्रीड' नावानं अशी सेवा सुरू झाली. त्या नावात 'मिडाग' म्हणजे रात्रीचं जेवण आणि 'फ्रीड' म्हणजे शांतता. पुढे २०११ मध्ये बर्लिनमध्ये हॅलोफ्रेश निघाली, २०१२ मध्ये न्यूयॉर्कला ब्ल्यू एप्रन. मला ते स्वीडिश नाव फार आवडतं, कारण संध्याकाळी साडेपाचला 'आज काय करायचं' या प्रश्नानं डोक्यात जो गोंधळ उडतो त्यावरचाच हा उपाय आहे. भाज्या-मसाले काय, कुठेही मिळतात.

आधी एक कागद घ्या

बॉक्स महाग की स्वस्त, हे तो कशाच्या जागी येणार त्यावर ठरतं. म्हणून ऑर्डर करण्याआधी मागच्या दोन आठवड्यांत रात्री काय काय जेवलात ते लिहून काढा. आठवेल तसं, पण खरं लिहा. माझ्या कागदावर चौदांपैकी चार रात्री पिझ्झा किंवा बाहेरचं निघालं, तीन रात्री नुसता ब्रेड-चीज. उरलेल्या सात रात्री वरण-भात, भाजी-पोळी, खिचडी.

आता आमचा हिशेब. तीन पदार्थ, प्रत्येकी दोन ताटं, घरपोच आणण्याच्या पैशांसकट ५१ युरो. म्हणजे ताटामागे साडेआठ. तेच तीन पदार्थ मी नंतर स्वस्तातल्या सुपरमार्केटमधून सामान आणून केले तेव्हा २४ युरो लागले, आणि वर सोया सॉसची बाटली नि अर्धी पार्सलीची जुडी शिल्लक राहिली. बाहेरून तिघांचं मागवलं की पस्तीस-चाळीस युरो सहज जातात. आणि घरचं वरण-भात-भाजी? तिघांचं मिळून पाच युरोच्या आत. थोडक्यात, त्या चार पिझ्झाच्या रात्री बॉक्सनं भरल्या तर पैसे वाचतात. खिचडीच्या रात्री भरल्या तर तिपटीहून जास्त खर्च होतो. ज्यांच्या कागदावर बाहेरचं जवळजवळ नाहीच त्यांनी इथेच थांबावं. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं राहील. दारात भाजीवाली येते आणि निवडलेली मेथी, सोललेला मटार मंडईत मिळतो, तिथे ही गरजच नाही.

हिशेब करताना पहिल्या बॉक्सची किंमत धरू नका. सवलत पहिल्या दोन-तीन बॉक्सवरच मोठी असते, पुढे ती उतरत जाते. चौथ्या बॉक्सला काय पडणार ते ऑर्डरच्या पानावर शोधा आणि तोच आकडा कागदावर लिहा. आम्हाला आठ आठवड्यांचे सवलत वजा जाता साधारण पावणेचारशे युरो पडले. मी ती रक्कम किराण्याच्या खात्यात न धरता क्लासच्या फीच्या खात्यात धरली, आणि बॉक्सकडे तसंच बघावं असं माझं ठाम मत आहे.

शिकायचं काय

इथे आल्यावर दोन वर्षं मी भाजीच्या दुकानात डोळ्यांवर झापड बांधून फिरत होते. बटाटा, फ्लॉवर, वांगी, सिमला मिरची घेतली की बाहेर. सेलरीचा तो मुळकट गड्डा, लीक, बडीशेपेचा कंद, होक्काइडो भोपळा यांच्याकडे हातच जायचा नाही. बॉक्समध्ये ते न विचारता घरी आले आणि करावेच लागले.

नवलकोलाचं सांगते. आमच्याकडे त्याची रस्साभाजी व्हायची, दुसरं काही सुचलंच नव्हतं. कार्डावर होतं नवलकोलाचं श्नित्सेल. साल जाड काढायची, विशेषतः मुळाच्या बाजूची, कारण तिथे धागे असतात. बोटाच्या जाडीच्या चकत्या करायच्या, मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटं ठेवायच्या. सुरी आत गेली पाहिजे, पण चकती वाकता कामा नये. मग कपड्यावर पसरून पूर्ण कोरड्या करायच्या. पहिल्या वेळी मी ही पायरी उरकली आणि अख्खं आवरण तव्यात सुटून आलं. कोरड्या चकत्या मैद्यात, मग फेटलेल्या अंड्यात, मग ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून मध्यम आचेवर तळायच्या. आता मी मैद्यात तिखट आणि चिमूटभर हिंग घालते. सासरे अंडं खात नाहीत, ते आले की अंड्याऐवजी बेसनाचं सरसरीत पीठ. लेक एका वेळी तीन खाते.

दुसरी शिकवणी ओव्हनची. कार्डावर दोन तापमानं दिलेली असतात. ओबर-उंटरहित्स म्हणजे वरून-खालून उष्णता, उमलुफ्ट म्हणजे पंखा लावून. पंख्यावर साधारण वीस अंश कमी ठेवायचं. हे न कळल्यामुळे मी दोन वर्षं बटाटे बाहेरून करपवत होते आणि ओव्हनला दोष देत होते.

तिसरी भाषेची. शेलन म्हणजे सोलणे, राइबन म्हणजे किसणे, आपगीसन म्हणजे पाणी ओतून टाकणे. क्लासमध्ये पाठ केलेली क्रियापदं विसरले, ही हातानं केलेली असल्यामुळे राहिली. नव्यानं आलेल्या बायकांना मी मुद्दाम सांगते, ॲपमध्ये कार्ड इंग्रजीत मिळत असलं तरी जर्मनच वाचा.

कार्डावरच्या 'तीस मिनिटां'वर मात्र विसंबू नका. पहिल्यांदा मला पंचावन्न लागली. आपल्याला फोडणीत कांदा टाकून तो परतेपर्यंत टोमॅटो चिरायची सवय. इथे आधी अख्खं कार्ड वाचायचं, ओव्हन लावायचा, सगळं चिरून वाट्यांत मांडायचं, मगच गॅस. चौथ्या-पाचव्या पदार्थाला वेळ जुळून येते.

आणि चव. मसाल्याच्या पुड्या आपल्या जिभेला मिळमिळीतच लागणार. तरीही पहिल्या खेपेला कार्डाबाहेर जाऊ नका. तो पदार्थ मुळात कसा लागतो हे कळल्याशिवाय त्यात काय घालायचं ते कळत नाही. एकदा श्वाबी पद्धतीची मसूर आली होती, इथलं रोजचं जेवण, श्पेत्सले नावाच्या नूडल्सबरोबर खातात. गाजर, सेलरी आणि शेवटी चमचाभर व्हिनेगर. जशीच्या तशी केली, तेव्हा कळलं की ते व्हिनेगर म्हणजे आपलं आमसूलच. पुढच्या वेळी गोडा मसाला आणि कढीपत्त्याची फोडणी दिली, आणि तो पदार्थ आमच्या घरचा झाला.

शाकाहारी असाल तर

'शाकाहारी' असं लिहिलेल्या पदार्थातही चीजचं लेबल वाचा. किसून घालायच्या कडक चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं विरजण असू शकतं. त्याला इथे 'लाब' म्हणतात. अस्सल पार्मेझान त्याशिवाय बनतच नाही. 'मिक्रोबिएल्लेस लाब' लिहिलं असेल तर ते चालणारं. नूडल्समध्ये अंडं असू शकतं. सासरे-सासूबाई तीन महिने राहायला आले तेव्हा मला हे उशिरा कळलं, आणि त्याची रुखरुख अजून आहे. वडीलधारी माणसं विश्वासानं जेवतात. उपवासाचे दिवस बॉक्सला माहीत नसतात, त्यामुळे चतुर्थी-एकादशी बघूनच पदार्थ निवडा.

घरात चारपेक्षा जास्त माणसं असतील तर बॉक्सच्या वाटेला जाऊ नका. एकट्या विद्यार्थ्यानं घेतला तर दुसरं ताट दुसऱ्या दिवशीचा डबा धरावा.

बंद करायला शिकून मगच सुरू करा

हा भाग नीट वाचा. बॉक्स म्हणजे वर्गणी असते. तुम्ही काही केलं नाही तर तो येतच राहतो. दिवाळीला आम्ही तीन आठवडे सांगलीला गेलो. मी समजत होते, तिन्ही आठवडे थांबवलेत. प्रत्यक्षात प्रत्येक आठवडा वेगळा थांबवावा लागत होता आणि तिसरा राहून गेला. बॉक्स दारात येऊन पडला. शेजारच्या आजींनी तो उचलला आणि त्यांचा मेसेज आला तेव्हा मी सांगलीत पणत्या लावत होते. बदल करायची मुदत डिलिव्हरीच्या काही दिवस आधीच संपते. ती उलटून गेली होती, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. मी दोन मेल लिहिले, दोन्हींना ठरावीक मजकुराचं उत्तर आलं. फार चीड आली होती. आजींनी भाज्या वापरल्या एवढंच समाधान.

म्हणून सुरू केल्या दिवशीच दोन गोष्टी करा. मुदतीच्या आदल्या दिवसाचा गजर फोनवर दर आठवड्याला लावा. आणि वर्गणी रद्द करायचं बटण कुठे आहे ते शोधून ठेवा. १ जुलै २०२२ पासून जर्मनीत वेबसाइटवर घेता येणाऱ्या अशा वर्गणीसाठी हे बटण ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. बहुधा पानाच्या अगदी तळाशी 'फेरट्रेगे हीअर क्युंडिगन' (करार इथे रद्द करा) असं लिहिलेलं असतं. ते दाबल्यावर जी पोच येते ती जपून ठेवा. ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत परत करायचा हक्क इथे असतो, पण लवकर नासणाऱ्या मालाला तो लागू होत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. माल खराब आला तर मात्र फोटो काढून त्याच दिवशी कळवा. एकदा पालक सडका आला होता, त्याचे पैसे मिळाले.

कचऱ्याबद्दल सगळे विचारतात. पुड्यांचा ढीग बघून मलाही अपराधी वाटायचं. मिशिगन विद्यापीठाचा २०१९ चा एक अभ्यास आहे. त्यात बॉक्समधल्या जेवणापेक्षा दुकानातून सामान आणून केलेल्या त्याच जेवणाचं कार्बन उत्सर्जन सरासरीनं जास्त निघालं. मुख्य कारण, मोजून आलेलं अन्न वाया जात नाही. पण तो अमेरिकेतला अभ्यास. ज्या घरात कोथिंबिरीच्या देठांची चटणी होते आणि उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो, त्या घराला तो हिशेब जसाच्या तसा लागू पडेल असं मला वाटत नाही. आमच्या बर्फाच्या पिशव्यांत नुसतं पाणी असायचं, ते मी कुंड्यांना घालत असे.

नववा आठवडा

आठ आठवड्यांत २४ कार्डं जमली. लेकीला आणि नवऱ्याला एकेक पेन दिलं आणि पुन्हा खायला आवडेल त्यावर खूण करा म्हटलं. अकरांवर दोघांची खूण पडली. बाकीची रद्दीत गेली. बॉक्स बंद केला.

आता शुक्रवारी रात्री त्या अकरातून दोन कार्डं काढते, पण एकमेकांचं सामान संपवतील अशीच. एकात अर्धी लीक लागत असेल तर दुसऱ्यात उरलेली अर्धी गेली पाहिजे. एकात क्रीमचा अर्धा डबा, तर दुसऱ्यातही क्रीम. जोडी जमली नाही की आठवड्याच्या शेवटी फ्रीजमध्ये अर्धवट डबे उरतात. शनिवारी शिलरप्लाट्सच्या बाजारात जाते. फिल्डर पठारावरचा टोकदार कोबी मिळाला तर तो घेतेच, त्याची पीठ पेरून भाजी सुरेख होते. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवार चुकवून चालत नाही.

घरी आल्यावर बॉक्सवाल्यांची एक युक्ती मात्र तशीच ठेवली आहे. एका पदार्थाचं सगळं सामान एका कागदी पिशवीत, मोजून, वर कार्ड टाचलेलं, आणि पिशवी फ्रीजच्या खालच्या खणात. लसणाच्या पाकळ्यासुद्धा आत घालते. पूर्वी नवऱ्याला स्वयंपाक करायचा असला तरी जिरं कुठे, तांदूळ किती, लीक धुवायची कशी, असे त्याचे फोन मला ऑफिसात यायचे, आणि शेवटी पिझ्झाच यायचा. गेल्या गुरुवारी मसुरीच्या पिशवीवर मी 'फोडणी शेवटी' एवढंच लिहिलं होतं. लेकीला पोहण्याच्या क्लासहून घेऊन आठला घरी पोचले, तेव्हा जिन्यातच कढीपत्त्याचा वास आला.