हॉट रॉड घरी बांधताना काम कुठे अडतं? या चुका टाळा

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत दमदार इंजिन बसवून बांधलेली गाडी, पाच गाड्यांचं एक बिऱ्हाड. चासी १९३२च्या फोर्डची, इंजिन शेव्हर्लेचं ३५० घनइंची व्ही-८, गिअरबॉक्स टर्बो ३५० हा ऑटोमॅटिक, मागचा अ‍ॅक्सल फोर्डचा ९ इंची आणि ब्रेक आणखी कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचे. अमेरिकेतल्या गराजांमध्ये हा मेळ चांगलाच रुळलेला आहे. तरी काम अडलं की पहिला संशय येतो पार्ट खराब असल्याचा. बहुतेक वेळा पार्ट धडधाकट असतो, पण त्याचं शेजारच्या पार्टशी पटत नसतं. म्हणून प्रत्येक पार्टवर मार्करने लिहून ठेवा: कोणत्या गाडीचा, कोणत्या सालचा.

उभ्या गाडीतच इंजिन थरथरतं

न्यूट्रलमध्ये रेस वाढवली की थरथर वाढत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टच्या मागे लागू नका. फ्लेक्सप्लेट बघा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधली, क्रँकला (इंजिनच्या मुख्य दांड्याला) बोल्ट केलेली पातळ तबकडी. १९८५पर्यंतच्या ३५०चा बॅलन्स इंजिनच्या आतच साधलेला असतो. ४०० घनइंचीचा मात्र फ्लेक्सप्लेट आणि क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्परवर (यालाच बॅलन्सरही म्हणतात) वजन ठेवून साधलेला असतो. ४००ची प्लेट जुन्या ३५०ला बोल्टला बोल्ट बसते आणि फसगत होते ती इथेच. १९८६पासूनच्या क्रँकला बोल्टचं वर्तुळ लहान आहे, त्यामुळे ती प्लेट तिथे बसणारच नाही. पण त्या क्रँकला स्वतःची, वजन असलेलीच प्लेट लागते.

बेलहाउसिंग बोल्टने ओढून घेणं

बेलहाउसिंग म्हणजे गिअरबॉक्सचा इंजिनला जोडला जाणारा घंटेसारखा पुढचा भाग. गिअरबॉक्स इंजिनला नुसत्या हाताने टेकला पाहिजे. फट राहते म्हणून बोल्ट आवळले, तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) पूर्ण आत न गेल्यामुळे गिअरबॉक्सच्या पंपाचं गिअर फुटतं. कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने बसतो. बेलहाउसिंग ब्लॉकला टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून १/८ ते ३/१६ इंच अंतर राहिलं पाहिजे. अंतर शून्य असेल तर सगळं पुन्हा उतरवा.

पहिला स्टार्ट: कॅमचं आयुष्य अर्ध्या तासात ठरतं

नवा फ्लॅट टॅपेट कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, ज्यावर सपाट बुडाचे लिफ्टर घासतात) आयडलवर ठेवला की त्याचे लोब, म्हणजे उंचवटे, घासून सपाट होतात. कॅमला तेल मिळतं ते क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून आणि आयडलवर ते अपुरं पडतं. म्हणून इंजिन लागताच २००० ते २५०० आरपीएम, थोडं कमीजास्त करत, २० ते ३० मिनिटं. तेल ब्रेक-इनचं, भरपूर झिंक असलेलं. आजकालच्या साध्या तेलात ते कमी असतं. मध्येच गळती दिसली तर इंजिन बंद करा, दुरुस्ती करा आणि पुन्हा थेट २०००वर जा. रोलर कॅमला हा सोपस्कार लागत नाही.

त्याआधी डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप घड्याळाच्या दिशेने फिरवा, सोळाही रॉकरांवर तेल येईपर्यंत. नुसती दांडी वापरू नका. या इंजिनात उजव्या बाजूच्या लिफ्टरांची तेलवाट डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीमुळेच न गळता राहते, म्हणून हत्यारालाही तशीच कॉलर हवी.

आणि टायमिंग आधीच जमवलेलं हवं. बॅलन्सरची खूण शून्यावर दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टनंतर. पहिल्या प्लगच्या भोकावर बोट धरा. दाब जाणवेल तीच खरी. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२. यात ५ आणि ७ लागोपाठ पेटतात आणि शेजारीशेजारी आहेत, त्यांच्या वायरी चिकटून नेऊ नका.

ब्रेक

सगळ्यात जास्त डोकं इथेच खर्ची पडतं. मास्टर सिलिंडर (पॅडलने दाबला जाणारा ब्रेकचा पंप) पायाखालच्या फळीखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा (चाकाच्या डिस्कला पकडणाऱ्या चिमट्यापेक्षा) खाली असतो. ब्रेक ऑइल मागे ओघळतं आणि पहिला पाय रिकामा जातो, दुसऱ्याला ब्रेक लागतो. यावर उपाय रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा: डिस्कला २ पीएसआय, ड्रमला १० पीएसआय. अदलाबदल झाली की डिस्क घासत राहते. ड्रमच्या काही मास्टर सिलिंडरांत १०चा व्हॉल्व्ह आतच दडलेला असतो, तो डिस्कच्या बाजूला आहे का हे आधी तपासा.

चाक जाम राहतंय? मास्टर सिलिंडरचे नट दोन आटे सैल करा. चाक सुटलं तर पुशरॉड लांब आहे. त्याला साधारण १/१६ इंच मोकळीक हवी, नाहीतर ऑइल परत यायचं छिद्र झाकलेलंच राहतं. नाही सुटलं तर मास्टरकडची लाइन सोडा. आता सुटलं तर दोष मास्टरचा किंवा त्याच्या आतल्या व्हॉल्व्हचा. कॅलिपरचा ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावरच सुटत असेल तर होज आतून बुजलाय. आणि कितीही ब्लीड करून पॅडल मऊच राहत असेल, तर ब्लीडर वरच्या बाजूला आहेत ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर उलटा बसवला की हवा निघतच नाही.

इंजिन तापतं

ट्रॅफिकमध्ये तापतं तर हवा कमी: श्राउड (पंख्याभोवतीचं कवच) लावा, पंख्याची पाती निम्मी त्याच्या आत. हायवेवर तापतं तर पाणी कमी: रेडिएटरचा खालचा होज आतल्या स्प्रिंगशिवाय चेपला जातो. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नव्हे, १८० फॅरनहाइटचा राहू द्या. नव्या गाडीचा सर्पेंटाइन बेल्ट (सगळ्या पुलींवरून वळत जाणारा एकच लांब पट्टा) लावला असेल तर वॉटर पंपही उलटा फिरणाराच लागतो. जुना पंप बसेल छान, पण पाणी नीट ढकलणार नाही.