पिल्लाचा पहिला घोट

खुडूक कोंबडीखाली फुटलेलं पिल्लू तिच्याच आसपास टोचत हिंडतं. आईच्या विष्ठेतले चांगले जिवाणू आपसूक त्याच्या पोटात जातात. अंडी उबवायच्या मशीनमधल्या पिल्लाला आई नाही. आपण मशीन धुरी देऊन स्वच्छ करतो, ते करायलाच हवं, पण त्यामुळे पिल्लाचं आतडं रिकामं असतं आणि तिथे जो आधी पोचेल तो ठाण मांडतो. साल्मोनेलासारखा रोगाचा जिवाणू आधी पोचला तर पिल्लू आजारी पडू शकतं, मरूही शकतं. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली दाखवून दिलं, की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना आधीच पाजले तर साल्मोनेलाला जागाच मिळत नाही. चांगले जिवाणू आतड्याला चिकटतात, अन्न खातात, आम्ल तयार करतात.

म्हणून खानापूर भागात गिरिराजा जातीच्या कोंबड्यांची पिल्लं काढणाऱ्या माझ्या बहिणींना माझं एकच सांगणं आहे: खाद्य नंतर, चांगले जिवाणू कालवलेलं पाणी आधी.

कोंबड्यांसाठीची प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंची पावडर औषधाच्या दुकानात मिळते. मात्रा पाकिटावर असेल तीच. खरी काळजी पाण्याची घ्यायची. पंचायतीच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते या जिवाणूंनाही मारतं. विहिरीचं पाणी उकळून गार करा आणि मगच पावडर घाला. कोमट चालेल, गरम नको. दोन-तीन तासांत संपेल एवढंच कालवा.

पिल्लांची पिसं वाळली की ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब दिलेल्या खोक्यात सोडा. तिथे ३२ ते ३५ अंश ऊब हवी, गारठलेलं पिल्लू पाण्याकडे येतच नाही. एकेक हातात घेऊन चोचीचं टोक पाण्यात बुडवा, नाकपुड्या वर राहू द्या. पिल्लू मान वर करतं आणि गळ्यापाशी घोट उतरताना दिसतो. तो दिसला की खाली सोडा. एकाने प्यायलं की बाकीची बघून येतात, तरी सुस्त पिल्लं शोधून पाजाच.

घरचं ताक पाजलं तर चालेल का, असं पुष्कळजणी विचारतात. दह्यातले जिवाणू कोंबडीच्या आतड्यातले नव्हेत, त्यांच्यावर विसंबू नका. आणि मोठ्या कोंबडीची विष्ठा कालवून तर कधीच पाजू नका. तपासलेली नसेल तर त्यातून रक्ती हगवणीसारखे रोगच पिल्लांत जातील.

शेपटीखाली पांढरं चिकटून पिल्लं मरायला लागली तर मात्र डॉक्टरांना बोलवा. तो पुलोरम असू शकतो; साल्मोनेलाचाच हा रोग आईकडून अंड्यातूनच येतो, त्यावर पावडर पुरी पडत नाही. तिथे कोंबड्यांचीच रक्ततपासणी करून रोगी बाजूला काढाव्या लागतात.

पहिल्याच दिवसापासून सवयीने अँटिबायोटिक पाजायची पद्धत आपल्याकडे आहे. ती सोडा, त्याने पाजलेले चांगले जिवाणूही मरतात. डॉक्टरांनी आजारासाठी दिलंच, तर कोर्स पुरा करा आणि तो संपल्यावर हे पाणी पुन्हा दोन-तीन दिवस द्या.