जावा अपडेट करताय? जुन्या आवृत्त्या काढताना या चुका टाळा

नवी आवृत्ती टाकली की जुनी आपोआप जाते, ही समजूत आधी सोडा. जावा, म्हणजे अनेक प्रोग्राम ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर, त्याच्या बाबतीत ती अनेक वर्षं खोटीच होती. नवा इन्स्टॉलर फक्त लगेच आधीची एक आवृत्ती काढायचा, आणि जावा ६ अपडेट १० च्या आधीच्या आवृत्त्यांना तर हातही लावायचा नाही. सगळ्या सुरक्षात्रुटींसकट त्या मशिनवर पडून राहायच्या. याच मुद्द्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जावा बनवणाऱ्या ओरॅकलविरुद्ध तक्रार केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली.

म्हणून आधी ऑफिसातल्या कोणत्या विंडोज मशिनवर जावाची कोणती आवृत्ती आहे याची यादी करा. पण ती करतानाच अनेकजण फसतात. पॉवरशेलमधून (विंडोजला आज्ञा द्यायचं साधन) ‘विन३२_प्रॉडक्ट’ला, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीला, विचारणं ही नुसती चौकशी वाटते, प्रत्यक्षात विंडोज त्या वेळी प्रत्येक एमएसआय पॅकेज (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) तपासतं आणि काही बिघडलेलं वाटलं तर दुरुस्तीही सुरू करतं. ॲप्लिकेशन लॉगमध्ये १०३५ क्रमांकाच्या नोंदींची रांग लागते. ऐन कामाच्या वेळी शेकडो मशिनवर हे करू नका. त्याऐवजी रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे नोंदवतं तिथली) ‘अनइन्स्टॉल’ की, म्हणजे नोंदींचा कप्पा, वाचा, आणि ६४-बिट मशिनवर ‘वाव६४३२नोड’खालचीही वाचा. विसरलेला ३२-बिट जावा हमखास तिथेच सापडतो.

यादी हातात आली की ‘जावा’ने सुरू होणारं सगळं एका झटक्यात उडवायचा मोह होतो. त्यात डेव्हलपरचं जेडीके, म्हणजे जावात प्रोग्राम लिहायचं साधनही जातं. नेमक्या आवृत्तीचा प्रॉडक्ट कोड (तिचा ओळख-क्रमांक) घेऊनच काढा. लेखा विभागाचं एखादं जुनं सॉफ्टवेअर जुन्या जावाच्या फोल्डरचा पत्ता धरून बसलेलं असू शकतं, तेव्हा आधी त्यांना विचारा आणि पाच-दहा मशिनवर करून बघा.

जुनी आवृत्ती काढणाऱ्या स्क्रिप्टने शून्याशिवाय (शून्य म्हणजे यशस्वी) दुसरा कोणताही कोड परत केला की ‘फेल’ म्हणू नका. ३०१० म्हणजे काम झालंय, रीस्टार्ट बाकी आहे. १६०५ म्हणजे ते सॉफ्टवेअर तिथे नाहीच. १६१८ आला तर दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थोड्या वेळाने पुन्हा चालवा.

खरा ताप १६१२ चा. सी ड्राइव्हवर जागा करायला कुणीतरी विंडोजमधलं लपलेलं ‘इन्स्टॉलर’ फोल्डर साफ केलेलं असतं. काढण्यासाठी लागणारी एमएसआय फाइलच गेलेली, मग जुनी आवृत्ती निघणार कशी? अशा वेळी प्रोग्राम फाइल्समधलं फोल्डर हाताने डिलीट करू नका, रजिस्ट्रीतली नोंद मागे राहते आणि पुढच्या अपडेटलाही आडवी येते. त्याच आवृत्तीची मूळ एमएसआय मिळवा, इन्स्टॉलरला ‘/एफव्ही’ हा पर्याय देऊन ती पुन्हा कॅश करा, म्हणजे त्या ‘इन्स्टॉलर’ फोल्डरमध्ये परत येऊ द्या, आणि मग काढा. मी तर वापरलेली प्रत्येक एमएसआय नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये जपून ठेवते.

आणि हे काम एका रात्रीत संपलं असं धरू नका. रजेवर गेलेल्या माणसाचा लॅपटॉप तीन आठवड्यांनी नेटवर्कवर येतो तो जुन्या जावासह. काढण्याचा नियम कायम चालू ठेवा आणि दर आठवड्याला यादी पुन्हा काढा.