पावसाळ्यात लॉन उंच ठेवा: गोव्यातल्या घरासाठी गवत कापणीची रीत

गोव्यात लॉन उन्हाळ्यात पाण्यावाचून जितकं बिघडत नाही, तितकं पावसात चुकीचं कापल्यानं बिघडतं. चवथीला घरी माणसं यायची म्हणून आदल्या आठवड्यात मशीन सगळ्यांत खालच्या खाचेत लावून गवत बुडख्यापर्यंत उतरवलं जातं. दोन दिवस अंगण स्वच्छ दिसतं. मग पिवळट देठ उघडे पडतात आणि मोकळ्या जागेत लव्हाळा आणि लाजाळू घुसतात. ‘एकदाच खाली कापलं की महिनाभर बघायला नको’ हा हिशेबही खोटा ठरतो. पानं गेली की गवत साठवलेलं अन्न खर्चून नवी पानं काढतं, तेवढ्या काळात मुळं वाढत नाहीत. जांभ्यावरच्या पातळ मातीत अशी आखूड मुळं पाऊस सरताच तहानेला येतात.

म्हणून एक नियम पक्का धरावा: एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही. ४ सेंमी ठेवायचं असेल तर ६ सेंमी झालं की मशीन काढायचं. रविवार आहे म्हणून कापू नये, फूटपट्टी सांगेल तेव्हा कापावं.

उंची गवतानुसार ठरते. हरळीचं लॉन २.५ ते ३ सेंमी, नर्सरीत मेक्सिकन म्हणून मिळणारं गवत ३ ते ४ सेंमी, आणि रुंद पानांचं कार्पेट गवत ५ सेंमी. माडा-फणसाच्या सावलीत यापेक्षा १ सेंमी जास्त ठेवावं, कारण कमी उजेडात गवताला जास्त पान लागतं. मशीनच्या खाचेवरच्या आकड्यावर विसंबू नका. मशीन बंद करून फरशीवर ठेवा आणि फरशीपासून ब्लेडच्या धारेपर्यंत पट्टीनं मोजा. पेट्रोल मशीन असेल तर आधी स्पार्क प्लगची टोपी काढा, विजेचं असेल तर प्लग सॉकेटमधून काढा.

मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, दाताळ्यानं सुकलेलं गवत हलक्या हातानं ओढून काढावं आणि नेहमीच्या उंचीला एकदा कापावं. मशीनची तयारीही तेव्हाच करावी. एकदा पाऊस लागला की वेळ मिळत नाही.

जून ते सप्टेंबर गवत झपाट्यानं वाढतं, पण जुलैत दिवसच्या दिवस मळभ असतं आणि पान कोवळं राहतं. या चार महिन्यांत नेहमीच्या उंचीपेक्षा १ सेंमी वरच कापावं. साधारण ५ ते ७ दिवसांनी पाळी येते, फक्त उघडीप गाठावी लागते. पान कोरडं आहे का ते हात फिरवून बघा. मग मातीवर पाय दाबा. पावलात पाणी साठलं तर मशीन नेऊ नका, चाकांचे चर पडतात आणि माती दाबली जाऊन मुळं गुदमरतात. ओलं गवत कापलं तर मशीनखाली लगदा साचतो, पान तुटण्याऐवजी फाटतं आणि फाटलेल्या कडेतून बुरशी आत शिरते. विजेचं मशीन ओल्या गवतावर अजिबात चालवू नये. कोरड्यातही ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) चालवावं.

दहा दिवस उघडीपच मिळाली नाही आणि गवत १२ सेंमीवर गेलं, तर एका दमात खाली आणू नका. आधी ८ सेंमी, तीन-चार दिवसांनी ५.५, मग पावसाळ्यातली ठरलेली उंची. अशा वाढलेल्या गवतात शिरण्यापूर्वी काठी आपटत चाला, पायात बंद बूट असू द्या. जांभ्याच्या भागात फुरसं असतं आणि ते सहज दिसत नाही. पावसानं माती धुपून वर आलेले खडे आणि माडाची गळलेली बोंडं वेचून टाका. ब्लेडखाली आलेला खडा गोळीसारखा उडतो, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा आणि मुलं-कुत्री आत हवीत.

प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर ८ ते १० सेंमी चढवावा. दर वेळी दिशा बदलावी, नाहीतर गवत एकाच बाजूला लवतं. कडेला चिरे लावले असतील तर ते मातीच्या पातळीत बसवा. मशीनचं एक चाक चिऱ्यावरून जातं, कडा नीट कापली जाते आणि ब्लेडही आपटत नाही. खांद्यावरचा ग्रास कटर कुंपणाच्या कडेपुरताच वापरावा. हाताच्या अंदाजानं लॉन एका उंचीला कापलं जात नाही.

कापलेलं गवत कोरडं आणि आखूड असेल तर तिथेच राहू द्या, त्याचं खत होतं. पावसातलं ओलं गवत मात्र उचलून माडाच्या आळ्यात पातळ पसरावं. ढीग केला की तो तापतो आणि कुजका वास सुटतो. लॉनवर पिवळे गोल डाग आणि सकाळी त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तो भाग सगळ्यांत शेवटी कापा आणि मशीन खालून धुऊन सुकवा.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, उंची पुन्हा नेहमीवर आणावी आणि तणाला बी धरण्याआधीच कापावं. एका चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया कोरड्या पानावर सारखा फेकून लगेच पाणी द्यावं. पानावर राहिला तर डाग पडतात. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावते, १२ ते १५ दिवसांनी कापलं तरी चालतं.

मार्चनंतर पुन्हा १ सेंमी वर. उंच पान माती झाकतं. संध्याकाळी कापावं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी द्यावं. हिरवं ठेवायचं तर आठवड्याला चौरस मीटरमागे २५ लिटर पाणी लागतं. १०० चौरस मीटरला झाले २५०० लिटर. विहीर खाली गेली असेल तर हरळीचं लॉन खुशाल करडं होऊ द्या, फक्त कापू नका. पहिल्या पावसात ते परत फुटतं.

धार वर्षभर बघावी. कापल्यानंतर दुसऱ्या दिवशी पानांची टोकं पांढुरकी, दोऱ्यासारखी दिसली की धार गेली समजा. मशीन एकूण २० ते २५ तास चाललं की धार लावायला ब्लेड काढावं. एअर फिल्टर वरच्या बाजूला येईल असंच मशीन कलवावं, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. कानशीनं मूळच्या कोनातच घासावं, वस्तऱ्यासारखी धार नको. मग मधलं भोक खिळ्यावर अडकवून बघा: एक बाजू खाली झुकली तर तीच बाजू थोडी घासा. असमतोल ब्लेडनं मशीन थरथरतं आणि बेअरिंग झिजतं. समुद्राच्या खाऱ्या हवेत धातू लवकर गंजतो, तेव्हा धुऊन सुकवल्यावर ब्लेडला तेलाचा हात फिरवा. महिनाभर मशीन चालणार नसेल तर टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा. त्यातलं इथेनॉल ओलावा ओढतं आणि पुढच्या उघडीपीला मशीन सुरूच होत नाही.