रात्रभराचं काम लावून जाण्याआधी

रामबागेजवळच्या आपल्या वाचनालयातली जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या (ओसीआर) प्रोग्रामकडून त्यांचा मजकूर काढायचं काम आता आळीपाळीने तिघं-चौघं बघणार आहेत, म्हणून ही तयारी एकदा लिहून काढतो. काम संध्याकाळी लावायचं, सकाळी येऊन बघायचं, असा आपला बेत असतो. सकाळी बघावं तर टर्मिनलवर ‘किल्ड’ एवढाच शब्द. मग फोन येतो, ‘दादा, ते आपोआप बंद पडलं.’ लिनक्सवर ९ नंबरचा सिग्नल, म्हणजे ‘लगेच मर’ असा हुकूम, आला की प्रोग्रामला तो अडवता येत नाही आणि मरताना एक ओळही लिहिता येत नाही. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये कारण शोधणं म्हणजे वेळ घालवणं. कुणी मारलं याची नोंद दुसरीकडे होते, आणि ती सकाळपर्यंत टिकेल याची सोय आदल्या दिवशीच करावी लागते.

सगळ्यात आधी लाइटचं बघा. इंदूरला पहिल्या पावसात लाइट जाते-येते, आणि हॉलचे काका रात्री कुलूप लावताना मेन स्विच खाली ओढतात. मशीन त्या स्विचवर नाही ना, यूपीएसची बॅटरी धरते ना, हे प्रत्यक्ष बघूनच जा. सकाळी पहिली कमांड ‘अपटाइम’. मशीन चारच तास चालू असेल तर प्रोग्राम कुणी मारलेला नाही, मशीनच बंद पडलं होतं, आणि पुढचं काहीच वाचायची गरज नाही.

मग लॉग. कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, निरोप ‘डीमेसग’ दाखवतं, पण ते मेमरीतच असतात आणि रीस्टार्ट झालं की जातात. ‘अरे अडकलंय, बंद करून चालू कर’ या सवयीने पुरावा जातो तो असा. जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, डिस्कवर लिहिलं जावं यासाठी /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असावं लागतं. नसेल तर तयार करून जर्नलची सेवा रीस्टार्ट करा. मग आधीच्या बूटचे कर्नलचे निरोपही ‘जर्नलसीटीएल’ला डॅश के आणि डॅश बी उणे एक सांगून वाचता येतात. उबुंटू आणि डेबियनवर साध्या युजरला डीमेसग वाचू देत नाहीत, तेव्हा ज्याची पाळी असेल त्याला सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, आहे का, ते आदल्या दिवशी बघा. ही चौकशी सकाळी सात वाजता मला फोनवर नको.

काम कधीही उघड्या टर्मिनलमध्ये लावून जाऊ नका. खिडकी बंद झाली की हँगअपचा सिग्नल जातो आणि काम संपतं. खिडकी बंद झाली तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्समध्ये लावा. पानं ग्नू पॅरलल या एकाच वेळी अनेक कामं चालवणाऱ्या साधनामार्फत वाटायची आणि त्याला जॉबलॉग (कामांची नोंद) लिहायला सांगायचं. त्यात प्रत्येक पानापुढे एक्झिट कोड (काम कसं संपलं त्याचा आकडा) आणि सिग्नल असे दोन वेगळे रकाने येतात. स्वतःची शेल स्क्रिप्ट लिहिली असेल तर प्रत्येक पानानंतर कोड फाइलमध्ये टाका. शेलमध्ये १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवलेला असतो: १३७ म्हणजे ९, कुणीतरी थेट मारलं, १४३ म्हणजे १५, सभ्यपणे थांबायला सांगितलं, १३९ म्हणजे ११, प्रोग्रामने स्वतःच चुकीच्या पत्त्यावर हात घातला, तिथे मेमरी वाढवून उपयोग नाही. पायथनच्या सबप्रोसेसमधून चालवलं तर १३७ ऐवजी उणे ९ दिसतं. आणि १३७ दिसला म्हणजे मेमरीच संपली असं समजू नका. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) वापरत असाल आणि कंटेनर थांबवताना तो दहा सेकंदांत थांबला नाही, तर डॉकरही ९ नंबरच पाठवतो.

आता मेमरीचा हिशोब. हा कागदावर मांडल्याशिवाय काम लावू नका, कारण आपल्याकडच्या बहुतेक भानगडी इथल्याच आहेत. ए-फोर पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं. रंगीत असेल तर उघडल्यावर २६ एमबी. तेच ६०० डीपीआयला चौपट, १०४ एमबी. जेपीजीची फाइल दोन एमबीची दिसते म्हणून फसू नका, मेमरीत ती उलगडूनच बसते. चारशे पानांचं पीडीएफ ६०० डीपीआयला रंगीत, आणि साधन सगळी पानं एकदम उघडणारं असेल तर ४२ जीबी लागतील. आपल्या मशीनमध्ये आठ आहेत. म्हणून पीडीएफमधून पानं ‘पीडीएफ-टू-पीपीएम’ने एकेक करून काढा आणि मजकुरापुरती ग्रेस्केल ठेवा, तीनशे डीपीआय पुष्कळ होतं. रंगीत मूळ स्कॅन वेगळ्या डिस्कवर राहू द्या. एका वेळी किती पानं चालवायची ते अंदाजाने ठरवू नका. एक पान चालवून त्याने जास्तीत जास्त किती आरएसएस, म्हणजे प्रत्यक्ष रॅम, घेतली ते बघा. ‘फ्री’ कमांडच्या तक्त्यात ‘अव्हेलेबल’ रकान्यात दिसेल त्याच्या निम्म्यात मावतील तेवढीच पानं एकत्र लावा. त्याच ओळीतला ‘फ्री’ रकाना वाचून घाबरायचं कारण नाही. कॅशने घेतलेली जागा गरज पडली की परत मिळते.

कच्च्या प्रतिमा /टीएमपीमध्ये टाकायची सवय सोडा. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ वर /टीएमपी मुळातच रॅममध्ये असतं, फेडोरावर तर कितीतरी वर्षांपासून. तिथे तीन जीबीच्या प्रतिमा साचल्या की तीन जीबी मेमरी गेली, आणि ती कुठल्याच प्रोग्रामच्या नावावर दिसत नाही. वर प्रोग्राम मारले तरी फाइली तिथेच राहतात, म्हणून जागा सुटत नाही.

याच मशीनवर वाचनालयाचा कॅटलॉग, म्हणजे कोहा आणि त्याचा डेटाबेस मारियाडीबी, चालतो. मेमरी संपली की कर्नल दोषी कोण ते बघत नाही, बळी निवडतो. साधारणपणे ज्याने सगळ्यात जास्त जागा घेतली आहे तो. टेसरॅक्टच्या छोट्या-छोट्या प्रोसेस बाजूला राहतात आणि एकगठ्ठा जागा धरून बसलेला डेटाबेस जातो. सकाळी वाचकांना पुस्तकं शोधता येत नाहीत आणि ओसीआर मजेत चालू! हे टाळायला काम ‘चूम’ या बळीचा क्रम बदलणाऱ्या कमांडमधून ५०० गुण देऊन चालवा. उणे १००० ते १००० अशी ही पट्टी आहे, आकडा जितका मोठा तितका बळी आधी. वाढवायला सुडो लागत नाही, कमी करायला लागतो. त्याहून मला पसंत असलेला उपाय म्हणजे ‘सिस्टमडी-रन’ने कामाला वेगळी मर्यादा घालणं: मेमरीमॅक्स पाच जीबी, मेमरीस्वॅपमॅक्स (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, स्वॅप) शून्य. मग फुगेल तो स्वतःच्याच कुंपणात मरेल, आणि लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’च्या आधी ‘मेमरी सीग्रुप’ (सीग्रुप म्हणजे एकत्र मर्यादा घातलेला प्रोसेसचा गट) असं स्पष्ट लिहिलेलं येईल. मारियाडीबीला उणे गुण देऊन पूर्ण अभय द्यायचा मोह होईल. तो आवरा. उद्या तोच फुगला तर कर्नलला दुसऱ्यांवर हात टाकावा लागेल.

पॅरललचा ‘मेमफ्री’ पर्याय (दिलेल्या आकड्याएवढी मेमरी मोकळी असेल तरच नवं काम लावणारा) चांगला आहे, लावा. पण दिलेल्या आकड्याच्या निम्म्याखाली मेमरी गेली की तो सगळ्यात नवं काम स्वतःच मारून परत रांगेत टाकतो. जॉबलॉग वाचताना हे लक्षात असू द्या.

लॉग कसा वाचायचा तेही शांतपणे एकदा बघून ठेवा. ‘इन्व्होक्ड ओओएम-किलर’ (मेमरी संपल्यावर बळी घेणारा कर्नलचा भाग) या शब्दांच्या आधी ज्याचं नाव असतं त्याने फक्त शेवटची जागा मागितली, तो गुन्हेगारही नसतो आणि बऱ्याचदा बळीही नसतो. बळी ‘किल्ड प्रोसेस’च्या ओळीत. मधल्या तक्त्यातले आरएसएसचे आकडे केबीत नसून पेजमध्ये (मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत) असतात आणि आपल्या मशीनवर एक पेज चार केबीचं. ४,१२,००० दिसले तर १.६ जीबी समजा. कर्नलच्या लॉगमध्ये काहीच नसेल तर सिस्टमडी-ओओएमडी या मेमरीवर पहारा ठेवणाऱ्या सेवेचं जर्नल बघा. उबुंटू २२.०४ च्या डेस्कटॉपपासून हा सुरुवातीलाच चालू असतो. मेमरीवरचा दाब आणि स्वॅपचा वापर बघून तो कर्नलच्या आधीच मारतो, आणि एकट्याला नाही, त्या सीग्रुपमधल्या सगळ्यांना.

काम लावलं की लगेच खायला सराफ्याकडे धाव घेऊ नका. पहिली वीसेक पानं होईपर्यंत ‘टॉप’ बघत बसा. आरएसएस (तिथे ‘आरईएस’ रकाना) पानागणिक चढतच राहिली तर रात्र निघणार नाही.

सकाळी खंड पडलेला दिसला तर आधी लॉगची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, मगच मशीनला हात लावा. पुन्हा सुरू करताना पॅरललला ‘रिझ्यूम-फेल्ड’ सांगा, नुसतं ‘रिझ्यूम’ नाही. नुसतं सांगितलं तर जॉबलॉगमध्ये नोंद असलेली पानं, फसलेलीसुद्धा, तो सोडून देतो. मारल्या गेलेल्या पानांच्या मजकुराच्या फाइली अर्धवट किंवा शून्य बाइटच्या असू शकतात, त्या आधी काढून टाका, नाहीतर मुद्रितशोधनाला बसलेल्या मावशींना अर्धाच परिच्छेद मिळेल आणि त्या मूळ पुस्तक मागायला कपाटाशी येतील.