बारीक रेघांचं शाईचं चित्र: छटा कशी चढवायची

पेनाच्या चित्रात राखाडी रंग नसतोच. दोन रेघांमध्ये पांढरं किती सुटलंय, त्यावर छटा ठरते. म्हणून शाई शोषून पसरवणारा कागद इथे चालत नाही: रेघेला केस फुटले की मधली फट बुजलीच. गुळगुळीत ब्रिस्टल (चित्रकलेचा जाड, ताठ कागद), साधारण 250 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाचा घ्या. सुरुवातीला ए5 आकार पुरे.

पेनं पिगमेंट शाईची, पाण्याने न फुटणारी. आकड्यांना फसू नका. मायक्रॉन नावाच्या पेनावर 005 लिहिलेलं असतं, पण ते 0.20 मिमीचं, आणि 05 म्हणजे 0.45. ही दोन पुरतात. टाक, म्हणजे शाईत बुडवून चालवायचं पेन, वापरायचा असेल तर नव्या निबवरचा तेलकट थर आधी पुसा, नाहीतर शाई निबवर नीट बसत नाही, एकदम थेंबच पडतो. लाख (शेलॅक) असलेली इंडिया इंक, म्हणजे चित्रकलेची काळी शाई, फाउंटन पेनात कधीही भरू नका. आत वाळली की पेन गेलं.

आराखडा एचबी पेन्सिलीने, अगदी हलका. जोर दिला की कागदाला चर पडते आणि पेन तिच्यात घसरतं.

आता खरं काम. पहिला थर एकाच दिशेच्या रेघांचा, मध्ये सुमारे एक मिमी जागा सोडून. वळणावर मनगट पिळण्यापेक्षा कागद फिरवा. तो थर पूर्ण वाळला की दुसरा, पहिल्याशी 20 ते 30 अंशांचा कोन ठेवून. काटकोनात मारलात तर छटा न दिसता खिडकीची जाळी दिसते. ओल्यावर मारलात तर रेघा छेदतात तिथे शाईचे टिपके साचतात आणि सगळं डागाळतं. गडद जागी तिसरा, चौथा थर. जाड पेन शेवटी, तेही मोजक्या ठिकाणी. उजेडाची बाजू कोरीच राहू द्या, तिथे हात शिवशिवतोच.

ठिपक्यांचं काम असेल तर पेन उभं धरा. घाई झाली की ठिपक्याला शेपूट फुटतं, स्वल्पविरामच दिसायला लागतात.

तळहाताखाली कोरा कागद हवाच. पेन्सिल शाई वाळल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, मळता येणाऱ्या खोडरबराने टिपून घ्या. घासलं तर रेघा फिक्या पडतात. चुकलेली रेघ वाळल्यावर नव्या ब्लेडने हलकेच खरवडा आणि ती जागा नखाने घोटा. न घोटता त्यावर पुन्हा पेन चालवलं तर उसवलेल्या तंतूंत शाई पसरते.